नेरूळ ते घणसोली

२ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी नवी मुंबईत पाऊस कोसळत होता. दिवाळी उलटून गेली होती, तरी नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळपट्टी झाकण्याची आणि उघडण्याची धावपळ सुरू होती. तीन वाजता सुरू व्हायचा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पाच वाजता सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेने नाणेफेक जिंकून भारताला फलंदाजी दिली. शेफाली वर्माच्या ८७ आणि दीप्ती शर्माच्या ५८ धावांच्या बळावर भारताने ७ बाद २९८ पर्यंत मजल मारली. आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट हिने शतक ठोकून सामना जिवंत ठेवला. अमनजोत कौरच्या हातून दोनदा निसटू पाहणारा तिचा झेल तिसऱ्या वेळी हाती राहिला, तेव्हा प्रेक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्तीच्या चेंडूवर कर्णधार हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन अखेरचा झेल टिपला. आफ्रिकेचा डाव २४६ धावांत आटोपला. बावन्न धावांनी मिळालेला हा विजय म्हणजे भारतीय महिलांचे पहिले विश्वविजेतेपद होते.

त्या रात्रीची एक गोष्ट धावफलकात नोंदलेली नाही. विजयाचा जल्लोष चालू असताना खेळाडूंनी मैदानालगत उभ्या असलेल्या मिताली राज, झुलन गोस्वामी, अंजुम चोप्रा या माजी खेळाडूंना बोलावून घेतले आणि चषक त्यांच्या हातांत दिला. त्या तिघींपैकी एकीलाही आपल्या कारकिर्दीत तो उचलता आला नव्हता. झुलनच्या डोळ्यांतील अश्रू त्या रात्री देशभर पाहिले गेले. पण त्या तिघींच्याही मागे आणखी एक पिढी उभी आहे. तिची ओळख अनेक घरांतून आजही नाही, आणि तिची वाट पुण्यातून सुरू होते.

महिलांचा पहिला क्रिकेट विश्वचषक १९७३ साली इंग्लंडमध्ये झाला, म्हणजे पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन वर्षे आधी. त्यासाठी जॅक हेवर्ड या इंग्रज उद्योगपतीने चाळीस हजार पौंडांची देणगी दिली होती. भारताचा संघ त्यात नव्हता, कारण संघ निवडायला संस्थाच नव्हती. त्याच वर्षी लखनौच्या महेंद्रकुमार शर्मा यांनी भारतीय महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी केली आणि एप्रिलमध्ये पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. संघ होते तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. एवढ्या भांडवलावर राष्ट्रीय स्पर्धा भरवणाऱ्यांचे धाडस आज मोठे वाटते. त्या काळी पुष्कळांना ते हास्यास्पद वाटले असेल.

पुढच्या तीन वर्षांत खेळ इतका पसरला की १९७६ साली वेस्ट इंडीजचा महिला संघ भारतात अधिकृत कसोटी मालिका खेळायला आला. बंगळूरच्या पहिल्याच कसोटीत पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी यांनी आपल्या लेगस्पिनवर एका डावात पाच बळी घेतले. मुंबईच्या डायना एदलजी याच मालिकेत पुढे आल्या. १९७८ साली भारताने विश्वचषकाचे यजमानपदही स्वीकारले. त्या स्पर्धेत चार संघ होते आणि भारत तिन्ही सामने हरला.

या पिढीच्या प्रवासाच्या कथा त्यांनी स्वतः वेळोवेळी सांगितल्या आहेत. रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून प्रवास करायचा, शाळा-वसतिगृहांच्या दालनात जमिनीवर अंथरूण घालायचे, किटची ओझी आळीपाळीने वाहायची. परदेश दौरा ठरला की आधी विमानाच्या तिकिटाची चिंता. घरच्यांनी पैसे उभे केले तर जायचे, नाही तर निवड होऊनही राहायचे. बहुतेक मुलींच्या घरात खेळासाठी पैसे मागणे हीच मोठी लढाई होती, कारण तो पैसा लग्नासाठी बाजूला ठेवलेला असे. एदलजी यांनी या अडचणीवर एक व्यवहारी तोड काढली. स्वतः रेल्वेत नोकरीला असल्याने त्यांनी रेल्वेत महिला क्रिकेटपटूंची भरती व्हावी म्हणून पाठपुरावा केला आणि १९८० च्या दशकात रेल्वेचा महिला संघ उभा राहिला. महिन्याच्या पगाराने कितीतरी मुलींचा खेळ वाचवला. दिवाळीनंतरच्या त्या रात्री नेरूळला चषक उचलणारी हरमनप्रीतही पंजाबातील मोगा सोडून मुंबईला आली ती पश्चिम रेल्वेतील नोकरीसाठी, आणि त्यामागेही एदलजी यांचेच प्रयत्न होते.

२००५ साली मितालीच्या नेतृत्वाखाली भारताने प्रथमच विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाने ९८ धावांनी हरवले. त्या स्पर्धेत आपल्याला सामन्यामागे एक हजार रुपये मिळाल्याचे मितालीने नंतर सांगितले. पुढच्या वर्षी महिला संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. संघटनेच्या अखेरच्या सचिव शुभांगी कुलकर्णीच होत्या. विलीनीकरणाने मैदाने आणि प्रवासाची सोय सुधारली, मान मात्र लगेच आला नाही. २०१३ चा महिला विश्वचषक मुंबईत भरला तेव्हा वानखेडे स्टेडियम रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यासाठी हवे म्हणून विश्वचषकाचे सामने तेथून हलवण्यात आले. देशांतर्गत सामन्यासाठी जागतिक स्पर्धेला बाजूला व्हावे लागले, याचे फारसे कोणाला आश्चर्य वाटले नाही हेच आश्चर्य. महिलांना वार्षिक मानधनाचे करार मिळू लागले २०१५ मध्ये. २०१७ साली लॉर्ड्सवर इंग्लंडकडून अवघ्या नऊ धावांनी हार झाली. मुंबईच्या पूनम राऊतने त्या दिवशी ८६ धावा केल्या होत्या. तो सामना हरूनही घराघरांतून पाहिला गेला आणि खेळाकडे पाहण्याची दृष्टी तेथून बदलू लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्त्री-पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान झाले.

या साऱ्यात नेरूळचे स्थान कोठे? खरे तर २०२५ चा अंतिम सामना येथे व्हायचाच नव्हता. मूळ कार्यक्रमात बंगळूरचे चिन्नास्वामी स्टेडियम होते. जून २०२५ मध्ये त्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. त्यानंतर स्पर्धेच्या यादीतून बंगळूर गळले आणि ऑगस्टमध्ये नवी मुंबईचे नाव आले. पण ही संधी अगदी आयती मिळाली असेही नाही.

नवी मुंबई आणि भारतातले महिला क्रिकेट जवळजवळ एकाच वयाचे आहेत. या शहराच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना झाली १९७० साली. मुंबईच्या मस्जिद बंदरची घाऊक बाजारपेठ वाशीला हलली, तिच्यामागोमाग व्यापारी कुटुंबे आली, खाडीवरून लोकल धावू लागली आणि सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या वसाहती माणसांनी भरल्या. सायन-पनवेल महामार्गालगत नेरूळला डी. वाय. पाटील समूहाने स्टेडियम बांधले ते २००८ मध्ये. छताला आधाराचे खांब नसल्यामुळे कोठेही बसले तरी मैदान पूर्ण दिसते. त्याच वर्षी आयपीएलचा पहिला अंतिम सामना तेथे झाला. पुढे काही वर्षे मात्र या प्रचंड वास्तूला नेमके कोणते काम द्यावे, हे जणू ठरत नव्हते.

ते काम तिला महिला खेळाडूंनी दिले. ११ डिसेंबर २०२२ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध टी-ट्वेंटी सामना होता, प्रवेश विनामूल्य होता. चाळीस हजारांहून अधिक लोक आले. दोन्ही संघांच्या १८७ धावा झाल्या आणि सामना सुपर ओव्हरमध्ये भारताने जिंकला. फुकट आहे म्हणून आलेले लोक सामना संपल्यावरही बसून राहिले. मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना येथेच खेळला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी भारताने तिसऱ्याच दिवशी ३४७ धावांनी जिंकली. धावांच्या फरकाने महिला कसोटीतील तो सर्वांत मोठा विजय ठरला आणि त्यात दीप्ती शर्माने नऊ बळी घेतले. त्यामुळे विश्वचषकाच्या साखळीत लागोपाठ तीन सामने हरलेला भारतीय संघ ऑक्टोबर २०२५ मध्ये नेरूळला आला, तेव्हा एका अर्थाने घरी आला होता. न्यूझीलंडविरुद्ध स्मृती मानधना आणि प्रतिका रावल यांनी शतके केली. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावांचा डोंगर रचला, आणि मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून तो ओलांडला. सीमारेषेबाहेर प्रशिक्षक अमोल मुजुमदार होते. मुंबईसाठी धावांच्या राशी घालूनही ज्यांना भारताच्या संघात कधीच जागा मिळाली नाही, असे ते अमोल मुजुमदार. शालेय सामन्यात सचिन-विनोदची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. मराठी क्रिकेटरसिकांना त्या रात्री मुलींच्या आनंदाइतकाच त्यांचाही आनंद झाला असल्यास नवल नाही.

तरीही मोठी स्पर्धा शहरात आली म्हणजे खेळ रुजला, असे समीकरण मांडता येत नाही. याच स्टेडियमचा फुटबॉलचा इतिहास वेगळे सांगतो.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. नेरूळला अनेक सामने झाले, स्पेनने मालीला ३-१ असे हरवलेला उपांत्य सामनाही येथेच. स्पर्धेपूर्वी सप्टेंबरमध्ये एकाच दिवशी राज्यातील दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावे असा उपक्रम शासनाने राबवला. शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा हा मुलगा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला. भारताने साखळीतील तिन्ही सामने गमावले, पण ते अपेक्षितच होते. चेंडू वाटल्यानंतर ते लाथाडायला जागा कोठे, याचा विचार मात्र त्या उत्साहात फारसा झाला नाही.

२०२२ चे वर्ष अधिक कडू होते. जानेवारीत आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा महाराष्ट्रात भरली. आपल्याच देशातली स्पर्धा, आणि चांगली कामगिरी झाल्यास विश्वचषकाचे दार उघडणार, अशी संधी भारतीय मुलींना पुन्हा मिळणे कठीण होते. इराणविरुद्ध नेरूळला गोलशून्य बरोबरी झाली. तीन दिवसांनी चिनी तैपेईविरुद्ध उतरायचे, तर संघातल्या इतक्या जणींना कोरोनाची लागण झालेली, की मैदानावर उभा करण्यापुरताही संघ उरला नाही. नियमांनुसार भारताने माघार घेतल्याचे धरले गेले आणि त्यांचा खेळलेला एकमेव सामनाही नोंदीतून पुसला गेला. फेब्रुवारीत त्याच मैदानावर चीनने दक्षिण कोरियाविरुद्ध दोन गोलांनी मागे असताना ३-२ असा विजय मिळवला. भारताच्या मुली तोवर आपापल्या घरी परतल्या होत्या. ऑगस्टमध्ये कारभारातील गोंधळापायी भारतीय फुटबॉल महासंघावर जागतिक संघटनेने बंदी घातली. अकरा-बारा दिवसांनी ती उठली म्हणून सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात होऊ शकला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळच्या अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. यजमान भारताने या स्पर्धेतही तिन्ही सामने गमावले होते.

तेच गवत, तेच प्रकाशझोत, तीच आसने. क्रिकेटच्या मुली जिंकल्या आणि फुटबॉलच्या हरल्या, याचे कारण स्टेडियममध्ये शोधून सापडणार नाही. १९७३ पासून रुळत आलेल्या स्पर्धा, रेल्वेच्या नोकऱ्या आणि विलीनीकरणानंतरची वर्षे क्रिकेटच्या मागे होती. फुटबॉलमध्ये पाहुण्यांसाठी मांडव आधी घातला गेला, घरातली तयारी नंतरवर राहिली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आंतरराष्ट्रीय खेळाशी आपला संबंधच मुळी एका स्थानिक मैदानावरून जुळला. १९१९ च्या सुमारास सर दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील शर्यतींत खेड्यापाड्यांतून आलेले धावपटू अनवाणी धावत. पळण्याचे कोणतेही शास्त्र त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. त्यांच्या वेळा युरोपातील नामांकित धावपटूंच्या जवळपास जात आहेत, हे टाटांच्या लक्षात आले. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांच्या मदतीने त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी भारताला प्रवेश मिळवून दिला आणि खर्चाचा मोठा भारही उचलला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. जिमखान्याच्या त्या मैदानावर कोणी वर्षातून चार दिवस भव्य सोहळा करून कुलूप लावले असते, तर टाटांना दिसले असते ते काय?

कांस्यपदक महाराष्ट्रात आले ते बत्तीस वर्षांनी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा प्रवासखर्चासाठी गावोगाव वर्गणी जमा झाली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक अशा पैशावर उभे आहे. परतल्यावर कऱ्हाड स्थानकापासून गावापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र आधी कुस्त्यांचे फड भरवून गहाणाची रक्कम फेडायचे पाहिले. पुढे ते पोलीस खात्यात लागले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला तो निधनानंतर.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला २०२४ साल उजाडले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्य जिंकले. तोही क्रीडा प्रबोधिनीचाच विद्यार्थी आणि मध्य रेल्वेचा कर्मचारी. बहात्तर वर्षांच्या या अंतराने एक बदल दाखवला : घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्यांच्या जागी शासनाची शाळा आली, रेल्वेचा पगार आला. हा बदल लहान नाही. पण प्रबोधिनीपर्यंत पोहोचण्याआधी मुलाला कोठेतरी धावावे, पडावे, पुन्हा उठावे लागते. ते कोठे?

विश्वविजेत्या संघातील महाराष्ट्राच्या मुलींकडे पाहिले तरी हेच दिसते. स्मृती मानधनाचे बालपण सांगलीतले. भाऊ खेळायचा, ती त्याच्यामागे जायची. अकराव्या वर्षी राज्याच्या एकोणीस वर्षांखालील संघात तिची निवड झाली. गवताची खेळपट्टी रोज मिळण्याजोगी नव्हती, म्हणून ती तासन्‌तास सिमेंटच्या खेळपट्टीवर सराव करायची. सांगलीकरांना ते ठिकाण बोट दाखवून सांगता येईल. राधा यादव कांदिवलीच्या वस्तीतली. वडिलांचे रस्त्याकाठी छोटेसे दुकान, आणि इमारतीच्या आवारात मुलांबरोबर खेळणारी ती एकटी मुलगी. जेमिमाच्या आईवडिलांनी मुलांना खेळायला बरे मैदान मिळावे म्हणून भांडुपचे घर सोडून वांद्र्याला बिऱ्हाड हलवले. मैदानासाठी घर बदलणे प्रत्येकाला परवडत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी शहराच्या नकाशावर जागा राखून ठेवलेल्या असतात. म्हणून नेरूळची गोष्ट घणसोलीपर्यंत न्यावी लागते.

नवी मुंबई हे आखून वसवलेले शहर आहे, याचा येथील रहिवाशांना अभिमान आहे आणि तो योग्यही आहे. २००३ साली घणसोलीत शासकीय क्रीडा संकुलासाठी सुमारे वीस एकर जागा राखून ठेवण्यात आली. नेरूळचे स्टेडियम एका खासगी शैक्षणिक समूहाचे आहे. सर्वसामान्य मुलाने संध्याकाळी चेंडू घेऊन तेथे जावे अशी त्याची योजना नाही, आणि ती कोणी अपेक्षूही नये. घणसोलीचे संकुल मात्र नेमके त्यासाठी होते. जागा राखीव राहिली, संकुल उभे राहिले नाही. २०१६ मध्ये सिडकोने त्यातील काही भाग निवासी आणि व्यापारी बांधकामासाठी एका विकसकाला दिला. मग २०२१ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की क्रीडा संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, नाणोरे येथे व्हावे.

घणसोलीहून माणगाव शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. सकाळची शाळा असलेल्या मुलाने तेथे सरावाला केव्हा जायचे आणि केव्हा परतायचे, याचे गणित निर्णयाच्या कागदात नसावे. माणगावलाही क्रीडा संकुल हवे, तेथील मुलांचा त्यावर तितकाच हक्क आहे; पण एका गावच्या मुलांचे मैदान दुसऱ्या गावी नेल्याने दोन मैदाने होत नाहीत.

या निर्णयाविरुद्ध वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेची नवी मुंबई शाखा उच्च न्यायालयात गेली. हे लोक इमारती बांधणारे. मोकळ्या जागेवर इमारत नको म्हणून त्यांनीच न्यायालयात जावे, यात या शहराविषयी आशा वाटण्याजोगे काही आहे. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती कमल खाता यांच्या खंडपीठाने शासनाचा निर्णय रद्द केला. सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्याच वर्षी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. मुंबईसारख्या शहरात मुलांना खेळायला जागा उरलेली नाही आणि उरल्यासुरल्या हिरव्या जागा तरी राहू द्याव्यात, असा त्या सुनावणीतील सूर होता.

निकाल लागला तेव्हा पॅरिसचे ऑलिम्पिक नुकतेच संपले होते आणि स्वप्नीलच्या सत्कारांची धामधूम ओसरायची होती. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या शहरात होईल, याची नवी मुंबईत तेव्हा कोणाला कल्पना नव्हती. स्पर्धेची तिकिटे पुढे शंभर रुपयांपासून विकली गेली, म्हणून कितीतरी कुटुंबे आजी-आजोबांसह नेरूळला गेली. त्या गर्दीत आठ-दहा वर्षांच्या मुली पुष्कळ होत्या. कोणाच्या पाठीवर स्मृतीचे नाव, कोणाच्या पाठीवर जेमिमाचे. मुलग्यांच्या पाठीवरही ती नावे होती. काही वर्षांपूर्वी हे दृश्य दिसले नसते.

अंतिम सामन्यात शेवटच्या षटकांत चोवीस चेंडूंत ३४ धावा करून भारताला तीनशेच्या जवळ नेणारी रिचा घोष सिलिगुडीची. तिचा जन्म सप्टेंबर २००३ चा, म्हणजे घणसोलीतील जागा राखीव झाली त्याच वर्षाचा. त्या जागेचा वाद न्यायालयांतून फिरत होता तोवर रिचा चालायला शिकली, वडिलांबरोबर मैदानावर जाऊ लागली, सोळाव्या वर्षी भारताकडून खेळली आणि बाविसाव्या वर्षी नेरूळला विश्वविजेती झाली. नेरूळहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलने जुईनगर, तुर्भे, कोपरखैरणे आणि मग घणसोली, चौथे स्थानक.